शकूच्या वाट्याची बेरी

आमच्या घरात मरणाचीसुद्धा फुशारकी होती. अप्पांची आई ताक घुसळता घुसळता गेली, रवीची दोरी हातातच राहिली. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझ्या मायचा बाप, बाजारात लोण्याचा भाव करता करता बसल्या जागी कलंडला. समोरच्या बाईला वाटलं, भाव पटत नाही म्हणून हा सोंग करतोय. तिनं म्हणे दोन शिव्याही हासडल्या. अप्पा हे किस्से पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगायचे आणि शेवटी मांडीवर थाप मारायचे, "आमच्या घराण्यात खाटल्यावर पडून कुणी झिजत नाही बघा. उठला की निघाला. पुण्याई लागते त्याला!" पाहुणेही मान डोलवायचे. आम्ही पोरी हे ऐकतच वाढलो. मी तर शाळेत सांगून मोकळी व्हायचे, की आमच्याकडं कुणी आजारी पडून मरत नाही. आता आठवलं की वाटतं, काय तो अडाणीपणा! एकाही शहाण्याला सुचू नये, की बाबा रे, ही सगळी माणसं केस काळे असताना गेली, ही काय जायची वयं होती?

आमचा धंदा तुपाचा. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं ओसरी आणि मागं मोठं अंगण. अंगणात दगडी चूल, तिच्यावर कढई. ती कढई एवढी मोठी होती की उन्हाळ्यात रिकामी असली की शकू तिच्यात बसून डोलायची. शकू माझी धाकटी बहीण, तिच्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण तिच्यापर्यंत पोचायला त्या कढईवरूनच जावं लागतं. निजामाच्या काळात अप्पा एका जहागीरदाराच्या मुदपाकखान्याला तूप पुरवायचे. पोलीस ॲक्शन झाली आणि ती हवेली एका आठवड्यात रिकामी झाली. त्यानंतरची दोन-तीन वर्षं अप्पांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. मग शकू झाली. नेमकी तेव्हाच शहरात नवी सरकारी कचेऱ्यांची माणसं यायला लागली, पुण्याकडची, साजूक तुपावाचून घास न उतरणारी. धंद्यानं अशी उचल खाल्ली की अप्पांनी ठरवूनच टाकलं, ही पोरीच्या पायगुणानं आलेली बरकत आहे.

लोणी खेड्यांवरून यायचं. फर्दापूरकडच्या बाया मडक्यात पाणी घालून त्यात लोण्याचे गोळे तरंगत आणायच्या, चितेगावच्या बायांची पितळी भांडी. अप्पा नखावर लोणी घ्यायचे, नाकाशी न्यायचे आणि गाव सांगायचे. फर्दापूरच्या लोण्याला डोंगरातल्या गवताचा वास, चितेगावच्या लोण्याला सरकीचा. मला मेलीला दोन्ही सारखेच वाटायचे. शकूला मात्र चार-पाच वर्षांची असल्यापासून हा वास कळायचा. डोळे मिटून उभी राहायची, नाकपुड्या फुगवायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "फर्दापूर!" बाया हसून हसून पदर तोंडाला लावायच्या.

कढई चढली की सगळं घर तिच्या आवाजावर चालायचं. आधी लोणी फसफसायचं, मग तडतड सुरू व्हायची, मग हळूहळू ती तडतड बारीक होत जायची. माय स्वयंपाक करता करता कान तिकडं ठेवून असायची. "बोलायचं थांबलं बघा वो," ती आतनं ओरडायची. तूप बोलायचं थांबलं म्हणजे झालं. अप्पा विड्याचं पान टाकायचे, ते चुर्र करून आक्रसायचं आणि सगळ्या गल्लीला कळायचं. शेजारच्या रशीदाखाला भिंतीपलीकडून हाक द्यायच्या, "भाबी, आज तो चितेगाव का है क्या?" त्यांचा नवरा शिंपीकाम करायचा, आमची दोन घरं एका भिंतीला पाठ टेकून होती आणि त्या भिंतीला खालांच्या उंचीवर एक खिडकी होती. तिथून अर्धं जग ये-जा करायचं.

शकूच्या अंगावर ते पिवळे दाणे कधी उठले ते नक्की आठवत नाही. आधी हाताच्या पेरांवर, मग कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेच्या वर. हरभऱ्याएवढे, पिवळट, जरा चकचकीत. दुखत नव्हते, खाजत नव्हते. एका वैद्यानं लेप दिला, दुसऱ्यानं चामखीळ म्हणून दोरा बांधला, काही उपयोग झाला नाही. मग अप्पांनीच एक दिवस तिची बोटं हातात घेतली आणि म्हणाले, "अगं, हे तर लोण्याचे थेंब आहेत. लोणीवाल्याच्या घरी लक्ष्मी आली ती अंगावर निशाणी घेऊन आली." झालं! त्या दिवसापासून आमच्याकडं एक रीतच पडून गेली. नवी कढई चढवायची तर लोण्याला पहिला हात शकूचा. तिनं ते दाणेवाले हात गोळ्यावर टेकवायचे, मग अप्पा चूल पेटवणार. आणि तूप गाळून झालं, की तळाशी जी खरपूस तांबूस बेरी उरते, तिच्यात साखर घालून पहिली वाटी शकूची. मी मोठी, तरी माझा नंबर दुसरा. मी फुरंगटून बसायचे. ती वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसायची, चाटूनपुसून खायची आणि शेवटी अर्धी माझ्यापुढं सरकवायची. "घे गं, नुसतं बघू नको, माझं पोट दुखंल."

गल्लीतल्या यच्चयावत माणसाची नक्कल करायची ती. कचेरीतली साहेबांची बायको डबा नाकाला लावून "शुद्ध आहे नं हो?" म्हणायची, ते शकू असं करायची की अप्पा लटकं रागावून आत निघून जायचे आणि आत जाऊन हसायचे. खालांची चाल, मामाचं खाकरणं, माझं रडणं. माझं रडणं तर ती माझ्यासमोरच करायची, म्हणजे मला धड रडताही यायचं नाही.

तिला दम लागायला लागला, तेव्हा ती नवा खेळ करतेय असंच मला वाटलं. शाळेच्या वाटेवर चढ होता. चढ अर्धा झाला की ती छातीवर हात ठेवून खाली बसायची. "इमल, थांब गं, इथं कुणीतरी बसलंय," म्हणायची. घरी सांगितलं तर माय म्हणाली, पोर अशक्त झालीय, अंगात काही राहत नाही. मग काय! आमच्या घरी अशक्तपणावर औषध एकच. सकाळी उपाशीपोटी लोणी-खडीसाखर, दुपारी भातावर तुपाची धार, रात्री दुधात चमचाभर. खाला शुक्रवारी खिडकीतून बकऱ्याच्या पायांचा रस्सा द्यायच्या, वर चरबी तरंगत असायची. "पिला दो बच्ची को, हड्डी में ताकत आती." जिनं तिनं आपापल्या घरातलं सगळ्यात चांगलं तेच तिच्या तोंडात घातलं. मायेनंच घातलं सगळ्यांनी. हे लिहिताना हात थांबतो माझा.

पंचमीच्या दिवशी बायका अंगणात फुगड्या खेळत होत्या. शकूनं माझे हात धरले. दोन गिरक्या झाल्या असतील नसतील, तिचे हात माझ्या हातातून सुटले आणि ती खाली पडली. ओठ निळे पडले होते. मायनं कांदा हुंगवला, खालांनी खिडकीतून पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि आधी काय म्हणाली असेल? "मी हरले नाही, इमलनंच हात सोडले." सगळ्या हसल्या. माय हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी अप्पांना धंदा बंद ठेवायला लावला आणि शकूला मोठ्या दवाखान्यात नेलं, मलाही बरोबर घेतलं.

तिथं एक तरुण डॉक्टर होता, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला. त्यानं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग त्याची नजर तिच्या हातांवर गेली आणि तो तिथंच थांबला. एकेक पेर अंगठ्यानं दाबून बघितलं. कोपर बघितले, टाचा बघितल्या. मग अप्पांना उजेडात उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. अप्पांच्या बुबुळांभोवती एक पांढुरकी कडी होती, आम्ही ती जन्मापासून बघत होतो. मग म्हणाला, "बाई, जरा तुमची टाच बघू." माय लाजून मेली, पण तिनं पाऊल पुढं केलं. तिची टाचेवरची शीर बोटाएवढी जाड होती.

"लग्नाआधी तुमचं दोघांचं काही नातं होतं का?" त्यानं विचारलं.

"होतं म्हणजे?" अप्पांची छाती फुगली. "सख्ख्या मामाची मुलगी आहे. हक्कानं केलीय."

डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. शकूचं रक्त घेतलं, ते तपासायला मुंबईला धाडायचं म्हणाला. जबाब यायला दिवाळी उजाडली. तेव्हा त्यानं मला आणि शकूला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण दार लोटलेलंच होतं, सगळं ऐकू येत होतं. तो सांगत होता की हिच्या रक्तात चरबी साचतेय, जन्मापासूनच. तुम्हा दोघांच्याही रक्तात हा दोष आहे, पण अर्धा अर्धा. तो तुमच्या आईकडून तुमच्यात आला आणि त्यांच्या वडलांकडून त्यांच्यात आला. हिला दोन्हीकडून मिळाला, म्हणून हिला पुरा. हृदयाच्या नळ्या आतून भरत चालल्यात. म्हाताऱ्या माणसाच्या व्हाव्यात तशा.

"आन् ते हातावरचं?" मायचा आवाज.

"तीच चरबी आहे, बाई. नळ्यांत साचते तशी कातडीखाली साचलीय. लोणीच म्हणा."

 मग अप्पांचा आवाज आला, "म्हणजे आमच्या तुपानं झालं?" असा आवाज मी त्यांचा त्याआधी ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाला, "तुपानं झालं नाही. पण तूप, लोणी, साय, मटण, सगळं आजपासून बंद. धावणं बंद. एवढंच आमच्या हातात आहे. औषध नाही याला." मायनं विचारलं, "किती…"  डॉक्टर पथ्याचा कागद लिहायला लागला. बाकावर शकू माझ्या कानाशी लागली आणि अगदी त्या डॉक्टरच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लोणीच म्हणा, बाई." मला हसू आलं. देवा रे, मला हसू आलं तेव्हा.

घरी आल्यावर अप्पांनी पहिलं काम काय केलं, तर चूल विझवली. तूप अर्धं कढलं होतं, गडी बघत होता, तसंच उतरवलं. चार दिवसांत त्यांनी शहराबाहेर, पैठणच्या वाटेवर, एक पत्र्याची शेड घेतली आणि कढई गाडीवर घालून तिकडं नेली. घरात तुपाचा वास नको, पोरीला खायचं नाही तर वास तरी कशाला, म्हणून. कढई गाडीवर चढली तेव्हा शकू ओसरीवर उभी होती. "पहिला हात कोण लावणार मग?" तिनं विचारलं. अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आमच्या घरात मग सगळ्यांचंच तूप बंद झालं. मायचा कायदा, शकूच्या ताटात जे नाही ते कुणाच्याच ताटात नाही. कोरडी भाकरी, फोडणीवाचून वरण, सायीवाचून दूध, तेही पाणी घालून. तुपाच्या व्यापाऱ्याच्या घरी पाहुण्याला कोरडा भात वाढायचा म्हणजे काय असतं, ते मायनंच सोसलं. नातेवाइकांत बोलवा उठली, की पैसा आला तशी हिची मूठ आवळली. माय कुणाला काही सांगायची नाही. खालांना मात्र सगळं ठाऊक होतं. त्या ईदेला त्यांनी खिडकीतून दोन वाट्या दिल्या, एक सगळ्यांसाठी, आणि एक छोटी, झाकलेली. "ये मेरी शकू का. इसमें घी नै डाली मैं, दूध भी नै." शेवया पाण्यात शिजवून साखर घातली होती नुसती. शकूनं चमचाभर खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "खाला, ये तो शरबत है, इसमें मेरे को तैरना आता नै." खाला हसत हसत खिडकीतून बाजूला झाल्या. पलीकडं त्या भिंतीला टेकून रडत होत्या, ते मी आमच्या भिंतीला कान लावून ऐकलं.

अप्पा संध्याकाळी शेडवरून यायचे ते तिथल्या हौदावर आंघोळ करून, कपडे बदलून. थंडीतसुद्धा. केस ओले, अंगाला साबणाचा वास. शकू दारात वाट बघत असायची. त्यांच्या पोटाला मिठी मारायची, नाक खुपसायची, आणि मग हिरमुसली व्हायची. "अप्पा, तुम्ही आंघोळ करून का येता वो?" अप्पा काहीतरी सांगायचे, धूळ असते, घाम येतो. "असू द्या ना घाम. उद्या तसेच या." उद्या पुन्हा साबण. तुपाचा धंदा करणारा माणूस तुपाचा वास लपवत होता, आणि का, तर पोरीला हाव सुटू नये म्हणून. तिला नुसता वासच हवा होता हे आम्हाला कळलं नाही. फार साधी माणसं होतो आम्ही. डॉक्टरनं सांगितलेलं जेवढं कळलं, त्याच्या दुप्पट पाळलं.

एवढं पाळून काय झालं? दाणे वाढतच गेले. पेरांवर दाटले, तिला पाटीवर पेन्सिल धरता येईना. शाळा सुटली. मग अंगणापर्यंत जाणं सुटलं. मग मीच तिला उचलून बाजेवर, उन्हात आणून ठेवायचे. अकरा वर्षांची पोर, पण कडेवर घेता यावी एवढीच झाली होती. नकला मात्र सुटल्या नाहीत. बोलायला दम पुरला नाही तर भुवयांनी करायची.

त्या दिवशी संक्रांत जवळ आली होती. गल्लीत सगळीकडं तीळ भाजल्याचा वास होता. सकाळपासून शकूचा श्वास वरच्या वर चालला होता. माय बाजेशी बसून तिचे तळपाय चोळत होती. दुपार कलल्यावर शकूनं डोळे उघडले आणि मायचं बोट धरलं.

"माय, बेरी दे ना गं."

"नाय शकू. डॉक्टर नको म्हणले ना."

"नखावर मावंल एवढीच. बघ, एवढीच." तिनं अंगठ्याचं नख दाखवलं. अंगठ्याच्या पेरावरसुद्धा तो पिवळा दाणा होता.

मायनं तोंड फिरवलं. मला दिसत होतं तिचं तोंड. मग ती वळून म्हणाली, "बरी हो. बरी झालीस का नाय, कढई घरी आणते बघ. कढईभर बेरी देते. कुणालाच देणार नाय, सगळी तुजी."

"बरी झाल्यावर?"

"व्हय. बरी झाल्यावर."

"मग थांबते," शकू म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

मायनं मला नजरेनं खुणावलं. मी चपला न घालता पळाले. पैठणच्या वाटेवर एका बैलगाडीवाल्यानं मला वर घेतलं, पुढं एक ट्रक भेटला. शेडमध्ये कढई चढलेली होती. मी नुसतं "अप्पा" म्हणाले. ते तसेच उठले. चूल तशीच सोडली, अंगावरचं तेच धोतर, तीच बंडी, हाताला तूप. हौदाकडं वळून बघितलंसुद्धा नाही. परत येताना मोकळ्या ट्रकच्या हौद्यात आम्ही दोघं उभे होतो, आणि सगळ्या वाटेत वाऱ्यानं तो वास माझ्या तोंडावर येत होता.

अप्पा बाजेवर बसले आणि त्यांनी तिला उचलून छातीशी घेतलं. तिचं नाक त्यांच्या बंडीत गेलं. थोडा वेळ नुसता श्वास. मग तिच्या नाकपुड्या फुगल्या, लहानपणी फुगायच्या तशा, आणि तोंडावर हसू आलं. खरंखुरं, जुनं, सगळ्यांना हरवल्यावरचं.

"फर्दापूर," ती म्हणाली.

अप्पा म्हणाले, "व्हय गं माझी माय. फर्दापूरच." त्यांनी तिची पाठ थोपटली, थोपटत राहिले. त्यांना कळलंच नाही ती कधी गेली ते. मायला कळलं. तिचा हात तळपायावर होता. तिनं जो हंबरडा फोडला, तो खिडकीपलीकडं खालांनी उचलला, आणि मग सगळ्या गल्लीनं.

त्यानंतर अप्पांनी कढई मोडीत घातली. तुपाचा धंदा सोडला आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडत्याकडं हिशेबाला राहिले. पुढं काही वर्षांनी तेही गेले, मोंढ्यातच, पाणी प्यायला उठले आणि खाली बसले. कुणीतरी सवयीनं बोलून गेलं, पुण्यवान माणूस, झिजला नाही. मायनं रडणं थांबवलं आणि त्या माणसाला घराबाहेर काढलं.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. माझ्या मामाच्या थोरल्या मुलाशी माझं लग्न ठरल्यातच जमा होतं. पाळण्यात असतानाच ठरलं होतं म्हणा ना. शकूला जाऊन वर्ष झालं आणि मामा माझ्यासाठी साडी घेऊन आला. मायनं साडी हातात घेतली, उलगडली, पुन्हा घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "दादा, पोरगी देत नाय."

मामाला आधी थट्टाच वाटली. "का गं? माज्या पोरात काय खोट हाय?"

"तुज्या पोरात नाय. तुज्या-माज्या रगतात हाय. ते रगत म्या पुन्यांदा एक करणार नाय."

मामानं खूप समजावलं, मग आवाज चढवला, मग म्हणाला की पुन्हा या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. तो गेला. दर भाऊबीजेला माय ओवाळणीचं ताट तयार करायची आणि संध्याकाळी तेच ताट चंद्रासमोर धरायची. एका पोरीपायी तिचं माहेर तुटलं, आणि तेही जी वाचली त्या पोरीपायी. मला परक्यात दिलं. माझी मुलं धडधाकट निघाली. हे उपकार मी कसे फेडू, सांगा.

अर्धा दोष माझ्यातही निघाला, त्यात आश्चर्य ते काय! पन्नाशी उलटल्यावर छातीत चमक आली, तेव्हा पुंडलिकनगरातल्या आमच्या घराजवळच एक हृदयाची डॉक्टरीणबाई बसत होती, तिच्याकडं गेले. तिनं रक्त तपासलं, घराण्याची विचारपूस केली, आणि मी शकूचं सगळं सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, आता गोळ्या आहेत, मुलांचं रक्त लहानपणीच तपासतात, तुमच्या नातवंडांचंही तपासून घेऊ. मी म्हणाले, "बाई, एक विचारू? आम्ही तिचं तूप तोडलं नसतं, तर ती आधी गेली असती का?" तिनं माझ्याकडं बघितलं. बिचारी खोटं बोलली नाही. "आईवडील दोघांकडून आलेलं असलं, तर नुसत्या पथ्यानं फारसा फरक पडत नाही, काकू. तुमच्या हातात काहीच नव्हतं." धीर द्यायलाच बोलली ती. मी जिना उतरून खाली आले आणि रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. फरक पडणार नव्हता. म्हणजे नखावर मावेल एवढी बेरी तर…

घरी माय तांदूळ निवडत बसली होती. अप्पा गेल्यापासून ती माझ्याकडंच होती. केस पांढरे झाले होते, नजर अधू, पण शकूनंतर तिनं तुपाचा थेंब तोंडात घातला नव्हता. सणाला नाही, प्रसादाला नाही. आमचे हे, तिचे जावई, हसायचे, सासूबाई तुपाच्या घरच्या आणि तुपाशी वैर! वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आधी, ती हमखास विचारायची, "इमल, तवा दिली असती तर काय झालं असतं गं?" आणि मी काहीतरी पुटपुटून उठायचे.

"काय म्हणली डॉक्टरीण?" तिनं विचारलं.

मी तिच्याजवळ बसले. "तुझ्याबद्दल विचारत होती," मी म्हणाले. "म्हणाली, त्या काळात अडाणी बाईनं एवढं पथ्य पाळलं, म्हणून ती पोर अकरा वर्षं तरी जगली. नाहीतर केव्हाच गेली असती. त्या दिवशी तू नाही म्हणालीस तेच बरोबर केलंस."

तिचे हात सुपात थांबले. "आसं म्हणली?"

"व्हय."

 तिनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सकाळीच माझ्या सुनेनं तूप कढवलं होतं, पातेलं अजून घासायचं होतं. "त्याच्यात बेरी आसंल ना?" ती म्हणाली. "दे मला इवलुशी. साखर घालून दे."

मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. वाटलं, सुटली बाई एकदाची. मी पातेलं खरवडलं, वाटीत साखर कालवली, तिच्यापुढं ठेवली. तिनं चिमटीत धरून थोडीशी तोंडात घातली. डोळे मिटले. घास तोंडातच राहिला, आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"इसरलेच होते गं मी," ती म्हणाली. "किती ग्वाड लागतंय हे. आन् म्या तिला नाय म्हणले."